ज्याच्यावर फिल्म काढली, त्याला दाखवली का? – वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी मदतनिधीसाठी काढल्या जाणाऱ्या डॉक्युमेंटरींवर लिहिलं होतं. त्यात म्हटलं होतं की या फिल्म ज्यांच्यावर असतात त्यांना प्रेक्षक म्हणून कोणी धरतच नाही, फिल्म कायम देणाऱ्यासाठी काढली जाते, आणि ही सवय वसाहतींच्या काळापासून चालत आलीय. त्यावर भरपूर पत्रं आली, काही चांगलीच रागावलेली. संस्थांमध्ये काम करणारे, फिल्म शिकणारे, दर महिन्याला कुठेतरी पैसे पाठवणारे असे सगळेच होते. जे प्रश्न परत परत आले ते इथे घेतलेत.

ताई, मी एका सामाजिक संस्थेत कम्युनिकेशनचं काम बघते. तुमचा लेख वाचून वाईट वाटलं. आम्ही काही गोरे साहेब नाही, आपलेच लोक आपल्याच लोकांवर फिल्म काढतात आणि पैसाही त्यांच्यासाठीच येतो. मग यात वसाहतवाद कुठून आला?

तुम्ही मनापासून काम करता हे पत्रावरून कळतंच, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. राज्य कोणाचं होतं हा एक भाग झाला. पण कोणाकडे बघायचं, कसं बघायचं आणि बघून झाल्यावर निर्णय कोणी घ्यायचा याची एक पद्धतही त्या काळात पडली आणि राज्य गेलं तरी ती राहिली.

१८७६ ते ७८ चा दक्षिण भारतातला दुष्काळ घ्या. लाखो माणसं मेली. मद्रासच्या सैन्यातला एक अधिकारी होता, विलोबी वॉलेस हूपर, त्याने तेव्हा उपाशी माणसांचे फोटो काढले. हाडांचे सापळे झालेली बायामाणसं आणि पोरं, काहींना बसवून काहींना उभं करून, घरातल्या कार्याचा ग्रुप फोटो काढतात तशी मांडून. १८७७ मध्ये लंडनमध्ये लॉर्ड मेयरच्या पुढाकाराने दुष्काळासाठी मोठा निधी गोळा झाला, म्हणजे चित्र, कळवळा आणि वर्गणी ही साखळी तेव्हाच तयार होती. आणि त्याच काळात हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालू होती. फोटोत उपाशी माणूस दिसतो, बंदराकडे चाललेलं धान्य दिसत नाही. मला जे म्हणायचंय ते सगळं या एका गोष्टीत आलं खरं तर.

आता आवाजाचं बघा. ब्रिटनमधली डॉक्युमेंटरी चळवळ ज्या एम्पायर मार्केटिंग बोर्डाच्या पैशावर उभी राहिली ते खातं १९२६ मध्ये साम्राज्यातल्या मालाची ब्रिटिश गिऱ्हाइकांत जाहिरात करायला काढलं होतं. ही चळवळ उभी करणारे जॉन ग्रिअरसन आणि त्यांची माणसं तिथलीच. या मंडळींची १९३४ ची ‘साँग ऑफ सिलोन’ ही फिल्म आजही अभ्यासाला असते, दिसायला फार सुंदर आहे, आणि तिला पैसा सिलोनच्या (म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या) चहाचा प्रचार करणाऱ्या बोर्डाचा होता. तिच्यातलं निवेदन ज्याने वाचलंय तो लायोनेल वेंट सिलोनचाच, कोलंबोतला फोटोग्राफर आणि पियानोवादक. पण तो वाचतोय काय, तर रॉबर्ट नॉक्स नावाच्या इंग्रजाने सतराव्या शतकात त्या बेटाबद्दल लिहिलेला मजकूर! पडद्यावर १९३४ चे सिलोनचे लोक चालताहेत, नाचताहेत, चहा खुडताहेत, आवाज त्यांच्यातल्याच एकाचा, आणि शब्द अडीचशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाचे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की आवाज आपला असला, कॅमेरा आपल्या माणसाच्या हातात असला म्हणून काम भागत नाही. वाक्य कोणी लिहिलं आणि कोणाला ऐकवायला लिहिलं हे बघावं लागतं. शहरातून गेलेली टीम, हातात चांगला कॅमेरा, दुसऱ्या दिवशी परत निघायचंय, समोर जिला काहीच विचारता येत नाही अशी बाई, यात जात, वर्ग, भाषा, शिक्षण या सगळ्याचं अंतर असतं आणि ते ‘आपलेच लोक’ म्हटल्याने मिटत नाही.

आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ मध्ये एक प्रसंग आहे. झोपड्या पाडल्यात, लोक उघड्यावर आलेत, आणि एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसांनाच फैलावर घेते, की गरिबांचे फोटो काढून तुम्ही काय करणार, नाव तुमचं होणार. पटवर्धनांनी तो भाग फिल्ममध्ये ठेवला. तुमच्या फिल्मच्या रश फूटेजमध्ये, म्हणजे न कापलेल्या शूटिंगमध्ये, असं बोलणारं कोणीतरी नक्की असेल. ते रफ कटमध्ये, म्हणजे पहिल्या कच्च्या जोडणीत तरी आलं का, एवढं एकदा बघा.

१९८४ च्या इथिओपियाच्या दुष्काळाच्या फिल्मवर तुम्ही टीका केलीत, पण त्याच फिल्ममुळे जग जागं झालं आणि माणसं वाचली ना? टीका करणाऱ्यांनी काय केलं?

माणसं वाचली, आणि ही गोष्ट मी कधीच हलकी करणार नाही. ज्या घरातलं मूल जगलं त्यांच्यासमोर जाऊन मी थिअरी बोलू शकत नाही.

पण नेमकं काय झालं ते नीट बघायला हवं. २३ ऑक्टोबर १९८४ ला बीबीसीवर मायकल बर्क यांचा इथिओपियातल्या कोरेमहून रिपोर्ट लागला. शूट केलं होतं मोहम्मद अमीन यांनी. अमीन नैरोबीत जन्मलेले केनियन, आफ्रिकेतल्या बातम्या वर्षानुवर्षं करणारे, आणि ते नसते तर ती दृश्यंच नसती, पण जगाच्या लक्षात आवाज राहिला बर्क यांचा. बर्क यांनी त्या उपासमारीला बायबलमधल्या दुष्काळाची उपमा दिली. ती उपमा फार प्रभावी होती आणि माझ्या मते तिथेच गडबड झाली, कारण बायबलमधला दुष्काळ म्हटल्यावर तो वरून आलेला, कोणी केलेला नाही असं होतं. प्रत्यक्षात पाऊस कमी होताच, पण हुकूमशहा मेंगिस्तूचं लष्करी सरकार उत्तरेकडच्या तिग्रे आणि आसपासच्या भागातल्या बंडखोरांशी लढत होतं, शेती आणि बाजार युद्धात मोडले होते, उपासमार हेच हत्यार झालं होतं. मग सरकारने लोकांना उत्तरेतून उचलून दक्षिणेकडे सक्तीने हलवायला सुरुवात केली आणि त्यात मदतीची यंत्रणाही वापरली गेली. मेदसाँ साँ फ्रॉन्तिएर या डॉक्टरांच्या मदतसंस्थेच्या फ्रेंच शाखेने हे उघड बोलून दाखवलं तर १९८५ च्या शेवटी तिला देशाबाहेर काढलं. म्हणजे कारण दाखवणं ही मदतीच्याच कामाची बाब आहे. कारण फ्रेमबाहेर राहिलं की तुमचा पैसा कोणाच्या योजनेत जातोय तेही तुम्हाला कळत नाही.

१९८४ मध्येच ब्रिटनमधल्या गायकांनी निधीसाठी गाणं केलं, त्याचं शीर्षकच विचारत होतं की या लोकांना नाताळ आलाय हे माहीत तरी आहे का. इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे. एवढी साधी गोष्ट कोणी तपासली नाही, कारण ते गाणं इथिओपियातलं कोणी ऐकेल हा विचारच नव्हता. १३ जुलै १९८५ ला लंडन आणि फिलाडेल्फियात लाइव्ह एड हा निधीसाठीचा गाण्यांचा मोठा कार्यक्रम झाला, तिथे मोठ्या पडद्यावर कॅनडाच्या टीव्हीने शूट केलेली मरणाच्या दारातली एक लहान मुलगी दाखवली. ती जगली. बिऱ्हान वोल्डू तिचं नाव, २००५ मध्ये लाइव्ह एट या तशाच कार्यक्रमाच्या स्टेजवर ती मॅडोनाबरोबर उभी होती. पण मधल्या काळात जगासाठी ती नाव नसलेला दुष्काळाचा चेहरा होती.

आणि याचा परिणाम मागे राहिला. २००२ मध्ये व्हीएसओ या ब्रिटिश संस्थेने पाहणी प्रसिद्ध केली तेव्हा ब्रिटनमधल्या ८० टक्के लोकांच्या मनात गरीब देश म्हटलं की दुष्काळ, आपत्ती आणि पाश्चात्त्य मदत हेच येत होतं. अठरा वर्षांनंतर! त्या देशांत शिक्षक आहेत, शेतकऱ्यांच्या संघटना आहेत, वर्तमानपत्रं आहेत, भांडणं आहेत, हे सगळं गायब. घानाशी नातं असलेला ब्रिटिश गायक फ्यूज ओडीजी याने २०१४ मध्ये इबोलासाठी तेच गाणं नव्याने होत असताना त्यात गायला नकार दिला तो याच कारणासाठी, अशा चित्रामुळे खंडाबद्दल लोकांच्या मनात कायमचं काय बसतं हा त्याचा मुद्दा होता. त्याच्यावरही लोक तुमच्यासारखेच चिडले होते, की माणसं मरताहेत आणि याला प्रतिमेची पडलीय. मला मात्र त्याचं म्हणणं पटतं, कारण ज्या देशाबद्दल लोकांना फक्त कीव वाटते त्या देशात गुंतवणूक करायला, तिथे फिरायला, तिथल्या माणसाला नोकरीवर घ्यायला कोणी तयार होत नाही आणि हा तोटा निधीच्या आकड्यात कुठेच धरला जात नाही.

मग रडकी मुलं न दाखवता हसरी मुलं दाखवली की झालं का?

नाही. शाळेच्या नव्या गणवेशातलं हसणारं मूल आणि खाली ‘तुमच्यामुळे’ असं लिहिलेलं, यातही कर्ता देणाराच राहतो. आई, गावातली बाई जी पोरांना गोळा करून शाळेत पाठवते, बदली होऊनही थांबलेला मास्तर, हे सगळे कुठे गेले? ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन शॉट लावले की मधलं सगळं संस्थेच्या खात्यावर जमा होतं.

उलट दुःख दाखवणं हाच गुन्हा असंही मी म्हणत नाही. १९०४ मध्ये ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी काँगोत एका बापाचा फोटो काढला, त्याच्या लहान मुलीचा तोडलेला हात आणि पाय समोर ठेवून तो बसलाय. बघवत नाही तो फोटो. पण तो आणि तसे बाकीचे फोटो मॅजिक लँटर्नवर, म्हणजे पडद्यावर चित्र टाकणाऱ्या जुन्या यंत्रावर दाखवत जी व्याख्यानं झाली त्यात रबर गोळा करायची सक्ती, कंपन्या, बेल्जियमचा राजा लिओपोल्ड यांची नावं घेतली जात होती, आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगोवरचा खासगी ताबा सोडावा लागला. हूपरचे फोटो आणि हे फोटो दोन्हींत वेदना आहे. एकात ती कोणी केली ते सांगितलंय.

आम्ही प्रत्येकाची सही घेतो, संमतीचा फॉर्म स्थानिक भाषेत असतो, वाचून पण दाखवतो. अजून काय करायचं?

फॉर्म घेताय ते चांगलंच आहे, खूप जण तेही करत नाहीत. पण सही घेताना समोर कोण बसलेलं असतं बघा. ज्या संस्थेकडून औषध मिळालंय, जिच्यामुळे पोरगं शाळेत आहे, तिचाच कार्यकर्ता फॉर्म घेऊन आलाय, त्याला नाही म्हणायचं बळ किती जणांत असणार.

सेव्ह द चिल्ड्रनच्या ब्रिटन शाखेने २०१७ मध्ये एक चांगला अभ्यास काढला, ज्यांचे फोटो आणि फिल्म काढल्या त्यांनाच जाऊन विचारलं. ब्रिटन, जॉर्डन, बांगलादेश आणि नायजर इथले एकूण २०२ जण. त्यात मला महत्त्वाचं वाटलं ते असं की लोक दुःख दाखवायच्या विरोधात नव्हते, अडचण दाखवल्याशिवाय मदत येणार नाही हे त्यांनाही कळत होतं. ते तयार झाले ते बरेचदा संस्थेच्या माणसावरच्या विश्वासाने आणि आपल्या मुलांचं, गावाचं काही भलं होईल या आशेने. पण त्या फिल्मचं पुढे काय झालं, कुठे लागली, कोणी बघितली हे अनेकांना नीट माहीत नव्हतं, आणि आपले फोटो, आपली फिल्म आपल्याला परत दाखवावी असं त्यांना वाटत होतं.

म्हणून सही ही दोनदा घ्यायची गोष्ट आहे असं मला वाटतं. एकदा शूटच्या आधी, आणि एकदा एडिट झाल्यावर, फिल्म दाखवून, निवेदन आणि सबटायटल्स त्यांच्या भाषेत समजावून. कारण फिल्म एडिटवर बनते. मी एडिटिंगच्या टेबलवर बरंच काम केलंय म्हणून सांगते. एक बाई कॅमेऱ्यासमोर बराच वेळ बोलते. आधी विहीर कोणाच्या शेतात आहे ते सांगते, मग पाण्याची योजना मंजूर झाली होती ती कुठे अडली ते, मग बायकांनी मिळून अर्ज केला होता ते, मग ज्याने अर्ज दाबला त्याच्याबद्दल जरा जोरात बोलते, आणि शेवटी दमून म्हणते, काय करणार, आम्हाला कोण विचारतो. टाइमलाइनवर उरतं काय, तर ते शेवटचं वाक्य, त्याच्या आधी रिकाम्या हंड्याचा कटअवे, म्हणजे मध्येच लावलेला शॉट, आणि खाली हळू व्हायोलिन. बाइट, म्हणजे बोलण्याचा तो तुकडा, खोटा नाही, बाईच बोललीय, सहीपण आहे. पण अर्ज करणारी बाई गेली आणि हताश बाई उरली. हे तिला दाखवलं असतं तर ती पहिल्यांदा हेच विचारणार की मी त्या अर्जाचं बोलले होते ते कुठंय.

आमचे डायरेक्टर म्हणतात, डोळ्यात पाणी आल्याशिवाय खिशात हात जात नाही, आणि आकडे त्यांच्याच बाजूने आहेत. मी एकटी काय सांगणार त्यांना?

ते खोटं बोलत नाहीयेत हे आधी मान्य करू. २००७ मध्ये डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लॉविक यांचा एक प्रयोग छापून आला, त्यात लोकांना एक-एक डॉलरच्या पाच नोटा दिल्या आणि त्यातून देणगी द्यायची संधी दिली. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं, काहींना फक्त उपासमारीची आकडेवारी दिली. रोकियाला सरासरी २.३८ डॉलर मिळाले, आकडेवारीला १.१४. आणि रोकियाच्या गोष्टीबरोबर आकडेवारी पण दिली तर रक्कम खाली येऊन १.४३ झाली. म्हणजे माहिती वाढवली की दान कमी झालं.

हे वाचून बरेच जण म्हणतात, बघा, कारणं सांगत बसू नका. पण मला त्यातून वेगळं दिसतं. तो प्रयोग एकदाच दिलेल्या पैशाचा आहे, संस्थेला मात्र तोच माणूस पाच वर्षं जोडलेला हवा असतो. दुसरं असं की लोकांना एक माणूस लागतो एवढंच त्यातून कळतं, तो माणूस हतबलच असला पाहिजे असं त्यात कुठेच नाही. वरच्या पाण्याच्या गोष्टीत तुमच्याकडे एक माणूस आहेच, अर्ज घेऊन फिरणारी बाई. तिची गोष्ट सांगा, तिला कोणी अडवलं तेही तिच्याच तोंडून येऊ द्या. आकडेवारीचा तक्ता लावायची गरजच नाही.

डायरेक्टरना थेट विरोध करू नका, एक काम करा, त्यांना दोन कट दाखवा. एकाच फूटेजमधून एक नेहमीचा आणि एक असा. आणि दोन्ही आधी त्या वस्तीत दाखवून, तिथले लोक काय बोलले ते लिहून मग घेऊन जा. लोकांनी काय म्हटलं ते कागदावर समोर आलं की चर्चा तुम्ही विरुद्ध ते अशी राहत नाही. आणि त्यांना हेही सांगा की हल्ली फिल्म ऑनलाइन जाते आणि जिच्यावर फिल्म आहे तिच्या पोराच्या हातात मोबाइल आहे, शाळेतली मुलं ती बघून त्याला चिडवतात. दूरच्या सभागृहात दाखवायचे दिवस गेले.

मी फिल्म स्टडीज शिकते. स्पिवाक वाचल्यापासून अडकल्यासारखं झालंय. दुसऱ्यावर फिल्म काढणंच चूक आहे का?

साहित्याच्या अभ्यासक गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्या ‘कॅन द सबाल्टर्न स्पीक?’ (दबलेल्यांना बोलता येतं का?) या १९८८ च्या निबंधाने भल्याभल्यांना अडकवलंय त्यामुळे घाबरू नका. सतीबंदीचं उदाहरण घेऊन त्या दाखवतात की इंग्रज म्हणत होते आम्ही या बायकांना वाचवतोय, इथले पुरुष म्हणत होते बायकांनाच मरायचं होतं, आणि या दोन्हींच्या मध्ये त्या बाईचं स्वतःचं म्हणणं कुठेच नोंदलं गेलं नाही. मदतीच्या फिल्मला हे जसंच्या तसं लागू होतं, वाचवणारा बोलतो, गावातला पुढारी बोलतो, बाई दिसते फक्त. पण त्यातून ‘म्हणून गप्प बसा’ असा निष्कर्ष काढायचा नाही, गप्प बसणं म्हणजे मैदान त्या व्हायोलिनवाल्यांना मोकळं सोडणं.

त्रिन्ह टी. मिन्ह-हा यांची १९८२ ची ‘रिअसेम्ब्लेज’ मिळाली तर बघा. सेनेगलच्या खेड्यांत काढलीय, आणि सुरुवातीलाच त्या सांगतात की मी यांच्याबद्दल बोलणार नाही, यांच्या जवळ राहून बोलेन. आवाज मध्येच बंद पडतो, शॉट मध्येच तुटतो, आपल्याला सतत जाणवत राहतं की हे कोणीतरी बघतंय आणि बघणाऱ्याला सगळं कळलेलं नाहीये. निधी गोळा करायला अशी फिल्म चालणार नाही हे मला माहीत आहे. पण तुम्ही शिकताय, तुमच्या डोळ्याला ती सवय आत्ताच लागू दे, पुढे कामात कुठे ना कुठे उपयोगी येईल.

कॅमेराच लोकांच्या हातात दिला तर? पार्टिसिपेटरी व्हिडिओचं ट्रेनिंग आम्ही सुरू करतोय.

जरूर करा, पण कॅमेरा देणं ही सुरुवात आहे. रेन्झो मार्टेन्स या डच कलाकाराची २००८ ची ‘एन्जॉय पॉव्हर्टी’ म्हणून फिल्म आहे, बघायला त्रास होतो आणि मला तिच्याबद्दल शंकाही आहेत, पण एक भाग विसरता येत नाही. काँगोतले लग्न-समारंभाचे फोटो काढून पोट भरणारे काही फोटोग्राफर आहेत, मार्टेन्स त्यांना सांगतो की परदेशी फोटोग्राफर तुमच्या इथल्या कुपोषित मुलांचे फोटो विकून कितीतरी जास्त कमावतात, तुम्हीही तेच काढा. ते काढतात, मग एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेकडे घेऊन जातात आणि तिथे त्यांना नकार मिळतो. कॅमेरा आहे, विषय त्यांच्याच गावचा आहे, तरी बाजार त्यांचा नाही.

म्हणून मला १९६७ चं फोगो बेट जास्त आवडतं. कॅनडात न्यूफाउंडलँडजवळच्या या बेटावरच्या मच्छीमारांना सरकार दुसरीकडे हलवायच्या विचारात होतं. नॅशनल फिल्म बोर्डाचे कॉलिन लो तिथे गेले आणि एक मोठी फिल्म न करता वीसहून जास्त छोट्या फिल्म केल्या, एकेका माणसाच्या, एकेका विषयावरच्या. त्या आधी बेटावरच दाखवल्या. एका वाडीतल्या लोकांनी दुसऱ्या वाडीतल्या माणसाचं म्हणणं पहिल्यांदा नीट ऐकलं. नको असेल तो भाग काढून टाका म्हणायचा हक्क बोलणाऱ्याला होता. मग त्या फिल्म मंत्र्यांना दाखवल्या, मंत्री जे बोलले ते पण शूट केलं आणि ते बेटावर परत आणून दाखवलं! लोकांनी पुढे मासेमारीची सहकारी संस्था काढली आणि बेट सोडावं लागलं नाही. सगळं फिल्ममुळे झालं असं नाही, माणसं आधीपासून झगडत होतीच, पण फिल्म त्यांच्या झगड्याच्या कामाला आली. कॅमेरा बोर्डाच्या माणसांच्याच हातात होता हे पण लक्षात घ्या, पण कट बदलायचा अधिकार लोकांकडे होता.

तो अधिकार नसला की काय होतं त्याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे ‘रायटिंग विथ फायर’. ‘खबर लहरिया’ या दलित आणि ग्रामीण बायकांनी चालवलेल्या बातम्यांच्या संस्थेवरची ही फिल्म २०२२ मध्ये ऑस्करच्या स्पर्धेत होती, काढणारेही भारतीयच आणि हेतू चांगला. तरी त्या पत्रकारांनी जाहीरपणे सांगितलं की यात आमच्या कामाचा एकच तुकडा पुढे आलाय आणि त्यामुळे आमचं चित्र बदलतं. मला त्या फिल्ममधलं बरंच आवडलं होतं. पण बातमी देणं हेच ज्यांचं काम आहे त्यांना स्वतःवरच्या फिल्मबद्दल हे बोलावं लागलं, तर ज्यांच्याकडे बोलायला पेपरही नाही त्यांचं काय होत असेल.

तेव्हा ट्रेनिंगच्या बजेटमध्ये कॅमेऱ्याइतकीच रक्कम एडिटिंगसाठी आणि गावात दाखवण्यासाठी ठेवा, आणि अंतिम कटवर कोणाची सही लागणार ते आधीच लिहून घ्या.

मी फक्त देणगी देणारा साधा माणूस आहे. फिल्म बघून पैसे द्यायचे की नाही, आणि चांगली फिल्म ओळखायची कशी?

पैसे देणं थांबवू नका, तसा या लेखाचा अर्थ काढू नका प्लीज.

‘कोनी २०१२’ आठवत असेल. त्या मार्चमध्ये आलेला अर्ध्या तासाचा व्हिडिओ, आठवड्याच्या आत दहा कोटी वेळा बघितला गेला. त्यात दिग्दर्शक आपल्या लहानग्या मुलाला फोटो दाखवून सांगतो की हा वाईट माणूस, आणि प्रेक्षकालाही तेवढंच समजावतो. मुलांना पळवून लढायला लावणारा युगांडाचा बंडखोर जोसेफ कोनी आणि त्याची टोळी २००६ च्या सुमारासच युगांडातून बाहेर पडली होती, तिथल्या लोकांपुढे तेव्हा प्रश्न होते घरी परतण्याचे, शेतीचे, परत आलेल्या मुलांचे. त्याच महिन्यात उत्तर युगांडात लिरा इथे तो मोठ्या पडद्यावर दाखवला तर लोक चिडले, दगड पडले, शो बंद करावा लागला. ज्यांनी हे सगळं भोगलं होतं ते म्हणत होते, यात आम्ही कुठे आहोत, हा तर त्या गोऱ्या माणसाचा आणि त्याच्या मुलाचा सिनेमा आहे. ती फिल्म तिथल्यांनी बघावी म्हणून काढलेलीच नव्हती, आणि ते एका संध्याकाळी उघडं पडलं.

त्यामुळे फिल्म बघताना मी स्वतः काय बघते ते सांगते. ज्याचा त्रास आहे तो माणूस वाक्य पुरं करतो का, की त्याच्या तोंडावर लगेच निवेदन चढतं. त्याचं नाव आहे का, आणि संस्थेच्या माणसाचं आडनाव, हुद्दा दिला असेल तर याचंही तसंच दिलंय का (जिथे नाव लपवणं गरजेचं आहे, मुलं असतील, अत्याचाराची केस असेल, तिथे अर्थात लपवलेलंच हवं). हे असं का झालं याचं उत्तर फिल्म देते का, की ‘गरिबी’ म्हणून सोडून देते. कोणीतरी चिडलेलं दिसतं का, कारण अन्याय झालेली माणसं चिडतात आणि मदतीच्या फिल्ममधून सगळ्यात आधी तो राग कापला जातो.

आणि पैसे देताना संस्थेला दोन ओळींचा ईमेल करा, की ही फिल्म ज्यांच्यावर आहे त्यांना दाखवली का आणि ते काय म्हणाले. धमकी नाही, चौकशी म्हणून. ज्यांनी दाखवलीय ते आनंदाने सविस्तर लिहितात, अगदी कोणता शॉट लोकांनी काढायला लावला ते पण. ज्यांनी नाही दाखवली त्यांच्यातले काही पुढच्या वेळी दाखवतात, कारण विचारणारा देणगीदार आहे, आणि त्यांच्या ऑफिसमध्ये वरच्या पत्रातल्यासारखी एखादी ताई हाच मुद्दा घेऊन एकटी भांडत असते, तिला तुमचा ईमेल मीटिंगमध्ये दाखवता येतो.